तिसरं बटण आत जात नाही

सोनखारी, ता. अलिबाग
रविवार, जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप बुधाजीदादा यांस धाकट्या बहिणीचा, भावनाचा, सप्रेम जय भीम. वहिनींनाही जय भीम, आणि त्यांच्या गुडघ्याची खास विचारपूस. मी सांगितलेला व्यायाम त्या करत नसणार, हे मला उरणला न येताही दिसतं. (खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि टीव्हीवरची जाहिरात संपेपर्यंत तसाच धरायचा, एवढंच तर आहे. जाहिराती काय, रोजच लागतात.) तुझी साखर किती आहे ते कळव, आणि खरी कळव. मी सगळी नोकरी उपकेंद्रात नर्स म्हणून केली, 'जरा वाढलीय' म्हणजे किती ते मला कळतं. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. धोंडूआत्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं विचारलं की ती म्हणते, बघण्यासारखं आता गावात राहिलंय काय. पण समोरच्या घरात कुणाकडे पाहुणा आला तर तो घाटावरचा की मुंबईचा हे ती अंगणातून सांगते, तेव्हा तिचीही काळजी नको.

आता म्हणशील, फोन असताना ही पत्र कशाला लिहीत बसली? दादा, मागच्या महिन्यात मी तुला सहा-सात वेळा फोन केला. वहिनींचा गुडघा, तुझा सोसायटीचा वाद, उरणच्या बाजारात पापलेट कसं मिळतं, सगळं तुला स्वच्छ ऐकू येत होतं. मी 'तू पाठवलेलं मशीन' एवढं म्हटलं की लगेच 'हॅलो, हॅलो, आवाज कट होतोय.' पत्रात आवाज कट होत नाही. तेव्हा आता चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

तू गाव सोडून न्हावा शेव्याला क्रेन दुरुस्तीच्या कामाला लागलास तेव्हा इथे नळच नव्हते, म्हणून आधी नळाचं सांगते. टाकी टेकाडावर. तिथून एक लाइन वरच्या आळीला जाते, दुसरी खालच्या आळीला, आणि खालच्या आळीचंच शेपूट पुढे ओढून आपल्या बौद्धवाडीत आणलेलं आहे. दोन लाइनींना दोन व्हॉल्व्ह. त्यांची चावी पाणी समितीच्या अध्यक्षाकडे, आणि अध्यक्ष गेली कित्येक वर्षं येसाजी. येसाजी तुझ्या आठवणीतलाच आहे, फक्त आता दुप्पट रुंद झालाय आणि बोलताना डोळे मिटतो. माणूस वाईट नाही. लग्नकार्यात सगळ्यात आधी उभा राहतो, कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर स्वतःची गाडी काढतो. पण पाण्याचा विषय निघाला की त्याचे डोळे मिटतात. वरच्या आळीत पाणी तासभर, खालच्या आळीत अर्धा तास, आणि आपल्या वाडीत नळाने नुसतं फुसफुस करून दाखवायचं. विचारलं तर म्हणतो, 'सिस्टरबाय, पानी खाली उतरायला प्रेशर लागतो.' पाणी खाली उतरायला! (मी विज्ञानाची विद्यार्थिनी. तरीसुद्धा त्याने ते इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी घरी येऊन पुस्तक काढून बघितलं.)

समितीची निवडणूक हात वर करून व्हायची. येसाजी समोर खुर्चीत बसायचा आणि विचारायचं, येसाजी कुणाकुणाला हवा? मग ज्याला त्याच्या ट्रॅक्टरने नांगरून घ्यायचंय तो हात वर, ज्याच्या मुलीच्या लग्नाला त्याचं अंगण हवंय तो हात वर. एकदा तर गोदूबाईने पाठीला खाजवायला हात वर नेला, तोही मोजला गेला. ही गोदूबाई खालच्या आळीची, नवरा गेल्यापासून एकटीने भातशेती करते, आणि बोलायला लागली की समोरचा आपोआप दोन पावलं मागे सरकतो. यंदा तीच उभी राहिली. तिने जाहीर केलं, मतं गुप्त घ्यायची, नाहीतर मी टाकीवर चढून बसेन. येसाजीने डोळे मिटून मान्य केलं. त्याला वाटलं, गुप्त काय नि उघड काय, आपला गाव आपलाच.

आणि नेमकं त्याच दिवशी मी तुला फोनवर हे सगळं हौसेने सांगितलं. तिथेच माझं चुकलं. तू लगेच म्हणालास, मतपत्रिका कसल्या छापता, माझ्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे मतदानाचं मशीन आलंय, कुठल्याशा बंद पडलेल्या खाजगी संस्थेचं, एकदम ओरिजिनल. (दादा, भंगारातली वस्तू ओरिजिनल असते म्हणजे काय असते, यावर मी पुष्कळ विचार केला.) चार दिवसांत टेम्पोने मशीन दारात. राखाडी रंगाचे दोन डबे, मध्ये जाड वायर. एका डब्यावर बटणांची रांग, ती मतदाराची. दुसऱ्या डब्यावर एकच बटण, ते निवडणूक अधिकाऱ्याचं. अधिकाऱ्याने ते दाबलं की मतदाराचा डबा एका मतापुरता मोकळा होतो. मतदाराने बटण दाबलं की लाल दिवा लागतो, शिट्टी वाजते आणि डबा पुन्हा बंद. मी घरी करून बघितलं. मी पहिलं बटण दाबलं, दिवा लागला, शिट्टी वाजली, आत्या म्हणाली कुणाचा मोबाइल वाजतोय बघ. झालं, परीक्षा पास. बाकीची बटणं दाबून बघावीत हे मला सुचलं नाही. तू ओरिजिनल म्हणाला होतास ना.

निवडणूक अधिकारी म्हणून गावाने मलाच उभं केलं. येसाजी म्हणाला सिस्टरबाय चालेल, गोदूबाई म्हणाली चालेल. कारण विचारशील तर या गावातल्या प्रत्येक दंडात मी कधी ना कधी सुई टोचलेली आहे, जात, आळी, पक्ष न बघता. माझ्यावर सगळ्यांचा सारखाच राग आहे. बोटाला शाई म्हणून पल्स पोलिओचा जुना मार्कर कपाटात होता, तोच काढला. साठीच्या लोकांनी माझ्यासमोर करंगळी पुढे केली तेव्हा दोघातिघांनी नातवंडांसारखं तोंडही उघडलं.

उमेदवार तीन. आद्याक्षराप्रमाणे लावले. ग म्हणून पहिल्या बटणावर गोदूबाई, द म्हणून दुसऱ्यावर दिपेश, य म्हणून तिसऱ्यावर येसाजी. हा दिपेश म्हणजे ज्याने आजोबांच्या गोठ्याला चुना लावून होमस्टे काढलाय तो. त्याला अध्यक्ष वगैरे व्हायचं नव्हतं. आपल्या नावाचं चिन्ह लागतंय तर एक व्हिडिओ होईल आणि होमस्टेची जाहिरात होईल, एवढाच त्याचा हेतू. त्याने चिन्ह मागितलं कॅमेरा. गोदूबाईचा हंडा, येसाजीचा बैल.

मतदान समाजमंदिरात. आणि त्याच दिवशी शेजारच्या मांडवात हळद. हळद म्हटली की बेंजो, आणि बेंजोवाले आमच्याकडे असे वाजवतात की पोटातलं जेवण जागा बदलतं. मी पडद्याच्या अलीकडे माझा डबा मांडीवर घेऊन बसले, पलीकडे बाकावर दुसरा डबा. माणूस आत जायचा, मी बटण दाबायची, तो बाहेर यायचा. शिट्टी वाजली की नाही हे ऐकायचं म्हटलं तर मला माझाच खोकला ऐकू येत नव्हता. तरी मध्ये मध्ये शंका यायची. वरच्या आळीची म्हातारी माणसं आत गेली की बराच वेळ बाहेर येईनात. पडद्याखालून त्यांचे पाय तेवढे दिसायचे, टाचा वर झालेल्या, जणू फळीवरचा डबा काढताहेत. मला वाटलं, लोकशाहीचा उत्साह आहे.

संध्याकाळी माझ्या डब्याच्या मागचं झाकण उघडून आकडे वाचले. गोदूबाई एकशे तीन. दिपेश सेहेचाळीस. येसाजी अकरा.

दादा, समाजमंदिरात एवढी शांतता पसरली की बेंजोवालेसुद्धा थांबले. (ते जेवायला गेले होते हे नंतर कळलं.) बोटावर खूण केलेली माणसं आणि मशीनमधली मतं यांचा मेळ बसत नव्हता, तीसेक मतं कुठे गेली कळेना, पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे येसाजीकडे बघत होते. कारण येसाजीच्या एकट्याच्या घरात मतं चौदा. आणि मिळाली अकरा, तीही अख्ख्या गावातून.

मग जे झालं ते तू बघायला हवं होतंस. आपल्या वाडीत आणि खालच्या आळीत गुलाल. धोंडूआत्याने अंगणातलं रिकामं पिंप घासून उलटं ठेवलं, पाणी आलं की भरायचं म्हणून. दिपेश आधी चक्रावला, मग अर्ध्या तासात त्याचं बोलणं बदललं. सेहेचाळीस लोकांनी आपल्यावर विश्वास टाकलाय, ही मोठी जबाबदारी आहे, असं तो मला म्हणाला. दुसऱ्या दिवशी नाक्यावर फलक लागला, 'सेहेचाळीस हृदयांचा राजा'. खाली होमस्टेचा नंबर होताच, पण बारीक अक्षरात. तो पांढरा सदरा घालून फिरायला लागला आणि लोकांच्या अडचणी विचारायला लागला. गोदूबाईने सांगितली, तुझ्या होमस्टेचं सांडपाणी माझ्या खाचरात येतं. तेव्हापासून तो अडचणी त्या रस्त्याने जाऊन विचारत नसे.

आणि येसाजी घरात बसला. हरल्याचं त्याला तेवढं वाटलं नसतं असं मी म्हणेन. पण चौदातली अकराच! आणि ती अकरा तरी घरातली कशावरून? त्याने एकेकाकडे डोळे उघडून बघायला सुरुवात केली. मुलांशी बोलेना, सुनांच्या हातचा चहा घेईना, आणि बायकोच्या, जनीच्या, हातचं जेवेना. चुलतभावाकडे जाऊन जेवायचा, आणि तिथेही घास तोंडाशी नेऊन विचारायचा, 'तू तरी दिलास का मला?'

तिसऱ्या दिवशी जनी माझ्याकडे आली. मी म्हटलं, बीपी बघायचंय का? तिने उजवा अंगठा माझ्या नाकासमोर धरला. निळा पडला होता. म्हणाली, 'सिस्टरबाय, ह्यो बघा. बैलाचा बटन मी ह्यो निला होईपरत दाबला. तो आतच जाय नाय. मंग तलहाताने दाबला, तवा दिवा लागला. पन दिवा कॅमेऱ्याच्या बाजूला लागला.'

मला आधी कळेना. मग कळलं आणि मी तिला घेऊन तशीच समाजमंदिरात गेले. मशीन तिथेच होतं. मी पहिल्या बटणावर बोट नुसतं टेकवलं, शिट्टी. त्या बटणावर कुणी शिंकलं असतं तरी गोदूबाईला मत गेलं असतं. दुसरं ठीकठाक. तिसरं मी दाबलं. दादा, मी शेकडो बाळंतपणं केलेली बाई आहे, माझ्या हातात जोर नाही असं कुणी म्हणणार नाही. बटण जागचं हलेना. त्याच्या कडेला हिरवट गंज बसून ते घट्ट झालेलं. खाऱ्या हवेत किती वर्षं पडून होतं कोण जाणे. दोन्ही अंगठे लावले, अंगाचा भार टाकला, तेव्हा ते कुरकुरत आत गेलं. आणि तळहाताने रेटलं की तळहाताची कड वरच्या बटणावर पडायची आणि दिपेशचा दिवा लागायचा. सेहेचाळीस हृदयं कुठून आली ते तेव्हा उलगडलं. ज्यांनी दमून नाद सोडला त्यांचं मत लागलंच नाही, डबा मोकळाच राहिला आणि पुढच्या माणसाचं मत त्यात गेलं. जी अकरा लागली ती येसाजीच्या तरण्या, जाडजूड पुतण्यांची असणार.

मी बटणावरचे अंगठे काढले. जनीला म्हटलं, बाई, हे गावाला सांगायला पाहिजे, मतदान पुन्हा घ्यायला पाहिजे. ती म्हणाली, 'मतदान नको मला. माजा नवरा घरात जेवाया पायजे. तुमी नुसता त्याला सांगा, जनीने दाबलेला.' पण जनीने दाबलेलं आणि तरी लागलं नाही, हे येसाजीला सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं.

तुला खरं सांगते, त्या दुपारी मी घरी आले आणि जेवले नाही. (आत्याने विचारलं, तुझ्यापण मतांचं काही झालंय का?) बाहेर ते घासलेलं पिंप. सोमवारी गोदूबाई चावी हातात घेणार होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या वाडीला पाणी येण्याची वेळ, आणि मी तोंड उघडलं की ती जाणार. बरं, येसाजीने हात वर करायला लावून इतकी वर्षं घेतली ती तरी कुठली सरळ मतं होती? मशीनने त्याला एकदा फसवलं तर फिट्टंफाट झाली असंही मनात आलं. पण मग त्या पडद्याखालच्या टाचा आठवल्या. ती म्हातारी माणसं येसाजीला घाबरून गेली नव्हती, तिथे त्यांना कुणीच बघत नव्हतं. एकट्याने, आपल्या मनाने, जमेल तेवढा जोर लावून दाबत होती, आणि डब्याने त्यांना मोजलंच नाही. ज्याचा अंगठा दणकट त्याचं मत, ज्याच्या बोटांना वात त्याचं नाही. आपल्या वाडीच्या नळासारखंच झालं की ते. यंदा शेपटाला दुसरे होते, एवढंच.

मी आधी गोदूबाईकडे गेले, कारण ती निवडून आली होती. तिला मशीनपाशी आणलं. तिने तिसरं बटण दाबलं आणि ते सरळ आत गेलं. (भाताच्या पेंढ्या आवळणारा अंगठा तो.) 'जातंय की!' म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मी दोन पावलं मागे सरकले. मग मी वाटेने चाललेल्या धोंडूआत्याला बोलावलं. आत्याने दाबलं, दोन हातांनी दाबलं, शेवटी मशीनला एक शिवी दिली. बटण तिथेच. गोदूबाईने स्वतःचा अंगठा बघितला, आत्याचा अंगठा हातात घेऊन बघितला. मग म्हणाली, 'अकरा मतांच्या मानसाला हरवलं म्हनून मी गावात मान वर करून कशी फिरू? त्याला चांगली शंभर पडू दे, मंग हरवते.' आणि जाता जाता माझ्याकडे वळून, 'आनि न्हाय हरवला ना, तर टाकीवर तुमी चढायचं.'

वाडीत मात्र माझं काही खरं नव्हतं. तोंडाशी आलेलं पाणी आपल्याच बाईने काढून घेतलं, असं सगळे म्हणायला लागले. आत्याने पिंप सुलटं करून त्यात कोंबडी ठेवली आणि मला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला सांगितलं, 'सुई टोचतानापन हिचा हात आपल्याच मानसाला जास्त दुखायचा.' दादा, असं नाही हं. तसं असेल तर तू माझ्याकडून धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं होतंस, तूच सांग. (नको सांगूस. तू तेव्हा बेशुद्ध पडला होतास.)

शुक्रवारी गाव गोळा केला आणि मशीन सगळ्यांसमोर टेबलावर मांडलं. ज्याला वाटेल त्याने यावं आणि दाबून बघावं. मुद्दाम म्हातारी माणसं पुढे घेतली. एकामागून एक कॅमेऱ्याचा दिवा लागत गेला, आणि दर दिव्याबरोबर दिपेशचा चेहरा उतरत गेला. शेवटी येसाजी उठला. म्हणाला, मी दाबतो. स्वतःचं बटण त्याने एका अंगठ्याने दाबलं. मग दोन अंगठ्यांनी. मग बाक पुढे ओढून, शर्टाच्या बाह्या वर करून, असं काही रेटलं की टेबल चार बोटं सरकलं. शिट्टी वाजली. दिवा लागला. कॅमेरा.

स्वतः येसाजीने स्वतःच्या हाताने दिपेशला मत दिलं होतं. त्याने डोळे मिटले. मग त्याचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि तो जो हसायला लागला तो थांबेना, अख्खं समाजमंदिर त्याच्यामागे हसायला लागलं. डोळे पुसत तो थेट घरी गेला. तिथे काय बोलला ते मला जनीने सांगितलं. चपला काढता काढता म्हणाला, 'अगो, मशीनच खराब होता. वाढ.' बस, एवढंच. तिने वाढलं.

पुढच्या रविवारी पुन्हा मतदान घेतलं, या खेपेला कागदावर. तीन चित्रं, ज्याला द्यायचं त्यावर शिक्का. बेंजो नाही, पडद्यामागे चांगला उजेड, बाकाऐवजी बुटकं टेबल, आणि ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी मोठा शिक्का. तू म्हणशील, मग आधीच कागद का नाही वापरला? दादा, हा प्रश्न तू विचारू नयेस. कागदानेही सगळ्यांना सारखं वागवलं असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. काही मतपत्रिकांवर तिन्ही चित्रांवर शिक्के निघाले. त्यातली एक कुणाची ते मला न विचारता कळलं, कारण आत्या बाहेर येताना म्हणालीच होती, 'सगल्यांना दिला बाय. बैलाला पन दिला, मुका बिचारा.' पण निदान या वेळी कुणाचं मत अंगठ्यात जोर नाही म्हणून फुकट गेलं नाही.

मोजणी येसाजी आणि गोदूबाई दोघांना दोन बाजूंना बसवून केली. गोदूबाई एक्क्याण्णव, येसाजी अठ्ठ्याऐंशी, दिपेश चार. (चार हृदयं. फलक दुसऱ्या दिवशी उतरला, आणि सांडपाण्याचा पाइपही वळवला. मुलगा तसा गुणी आहे.) येसाजीने आकडा ऐकला, पुन्हा ऐकला, आणि त्याची छाती फुगली. हरला होता, पण अठ्ठ्याऐंशी मतं घेऊन हरला होता. चावी त्याने स्वतः गोदूबाईच्या हातात दिली आणि सोमवारी व्हॉल्व्ह कसा फिरवायचा ते दाखवायला तिच्याबरोबर टेकाडावर गेला. पाऊण तासाने आपल्या वाडीतला नळ आधी खोकला, मग त्याने गढूळ थुंकी टाकली, आणि मग दादा, असं पाणी आलं की आत्याच्या हातातली कळशी उडाली. बायका नुसत्या उभ्या राहून बघत होत्या. आत्याने पिंपातली कोंबडी काढली. माझ्याशी बोलली नाही, पण पहिला तांब्या भरून माझ्या दारात आणून ठेवला. मी तो लगेच नाही प्यायले. थोडा वेळ तसाच बघत बसले.

तर हे असं झालं. तुझ्या मशीनबद्दल माझ्या मनात आता राग नाही. ते मशीन दुष्ट नव्हतं, म्हातारं होतं. पण म्हाताऱ्या माणसाला आपण काम सांगताना आधी विचारतो, जमेल का रे बाबा. तेवढं तुझ्या या बाबाला कुणी विचारलं नाही, तूही नाही आणि मीही नाही. वहिनींना सांभाळ, स्वतःला सांभाळ, गोड कमी खा, आणि पत्राचं उत्तर पत्राने दे, फोनवर मला आता तुझा आवाज कट होतो.

तुझी,
भावना

ता. क. : वर लिहिलेलं कुणालाही वाचून दाखवलंस तरी चालेल, हे मात्र फक्त तुला. परवा जनी आली होती. नवी मोरपिशी साडी नेसून. येसाजीने खास अलिबागला जाऊन आणली. अठ्ठ्याऐंशीचा आकडा बघून त्याची खात्री पटली की घरची चौदाच्या चौदा मतं आपल्यालाच पडली, आणि संशय घेतल्याची भरपाई म्हणून ही साडी. मी म्हटलं, छान दिसतेस, शेवटी खरं समोर आलं ना? ती पदर सारखा करत म्हणाली, 'पहिल्या टायमाला खराच बैलावर दाबलेला, सिस्टरबाय. तुमी अंगठा बघितलाव. पन घरात न जेवून तवा मला पन उपाशी ठेवलान, आनि आल्यावर म्हनतो काय, वाढ. मंग दुसऱ्या टायमाला मी आनि दोनी सुना, तिघींनी हंड्यावर मारला शिक्का.' दादा, तीन मतं. बेरीज-वजाबाकी तूच करून बघ, मी केली आणि पुन्हा केली नाही. गुप्त मतदान म्हणजे गुप्त. साडी खरंच सुरेख आहे.

ता. क. दुसरा, आणि पत्र मुळात यासाठीच : येत्या आठवड्यात तुझा तो क्रेनचा मोठा पाना आणि ग्रीसचा डबा घेऊन इकडे ये. सोमवारी आपल्या लाइनीला पूर्ण जोर मिळावा म्हणून गोदूबाईने वरच्या आळीचा व्हॉल्व्ह तासभर बंद केला, तो पुन्हा उघडतच नाही. येसाजी लोंबकळून बघून झाला, दोघं मिळून लोंबकळून झाली. आठवडा झाला, वरच्या आळीला थेंब नाही. तिथल्या सगळ्या बायका हंडे-कळश्या घेऊन आपल्या वाडीत नळावर येतात, काल येसाजी स्वतः दोन बादल्या घेऊन आला होता. आत्या त्यांना अंगणात बसवते, चहा करते, कोण आजारी, कुणाची मुलगी बाळंतपणाला आली सगळं विचारते, आणि नंबर लावून एकेकीचं भांडं स्वतः नळाखाली धरते. सगळ्यांना पाणी सारखं मिळायला हवं, वरच्या आळीलाही, तेव्हा तू ये हे माझं सांगणं पक्कं आहे. पण मी हे लिहिताना आत्या शेजारी बसली आहे आणि तिचाही निरोप घाल म्हणते, म्हणून घालते : बुधाजीला म्हणावं, घाई करू नको, सावकाश ये.